पोरांना लपवायला शिकवू नका

महोदय,

आमच्या गल्लीतला एक मुलगा गेल्या महिन्यात ओडिशातून परत आला. नौदलात अग्निवीर म्हणून निवड झाली होती. एका तासात शंभर प्रश्न, चुकीच्या उत्तराला पाव गुण वजा, असला पेपर त्यानं पहिल्या फटक्यात काढला. साडेसहा मिनिटांत 1.6 किलोमीटर पळणं तर त्याला काहीच नाही. पण आयएनएस चिल्का या नौदलाच्या प्रशिक्षण केंद्रातल्या शेवटच्या मेडिकलला डॉक्टरांनी कान बघितला, पडद्याला भोक निघालं आणि गडी घरी आला. लहानपणापासून त्याचा डावा कान वाहतो. आईनं दोन म्हशींच्या दुधावर ज्या अकादमीची वर्षभर फी भरली, तिथल्या सरांना हे ठाऊक होतं. त्यांनी सांगितलेलं, “कानाचं कुठं बोलू नकोस, खपून जातंय.”

मी 1988 साली नौदलात गेलो आणि 24 वर्षांनी चीफ पेटी ऑफिसर, म्हणजे नाविकांतल्या वरच्या पदावरून, बाहेर पडलो. चिल्का, मग लोणावळ्याचं आयएनएस शिवाजी, आणि तिथून थेट गोदावरी वर्गातल्या जहाजाची बॉयलर रूम. ही जहाजं वाफेवर चालायची. खाली उतरलं की दहा मिनिटांत घाम बुटात साचायचा. आमचा चीफ म्हणजे तालमीतला वस्तादच. पहाटे चार ते आठच्या वॉचला तो मला पंपापाशी उभा करायचा आणि म्हणायचा, “काटा नंतर बघ, आधी हात ठेव.” बेअरिंगच्या घरावर तळवा ठेवून पंपाची थरथर ओळखायची. किती महिने मला त्यात काहीच कळलं नाही. एका रात्री वाटलं, आज थरथर वेगळी आहे. चीफला झोपेतून उठवलं. त्यानं येऊन हात ठेवला, कान लावला, काहीही झालेलं नव्हतं. मला वाटलं, आता शिव्या बसणार. तो एवढंच बोलला, “बरं केलंस. परत वाटलं तर परत उठव.” पुढं दीड महिन्यानं पुन्हा उठवलं. त्या वेळी बेअरिंग खरंच गेलेलं होतं.

जहाजावर दोनशे-तीनशे माणसं एका लोखंडी डब्यात राहतात. कुणी झडप उघडी टाकली आणि मुकाट्यानं झोपायला गेला, तर पाणी सगळ्यांच्याच बंकांत शिरणार. म्हणून चूक झाली की आधी सांगायचं, ही सवय तिथं पहिल्या दिवसापासून लागते. घरची अडचण असो, वरिष्ठाचा जाच असो, आपल्या डिव्हिजनल ऑफिसरसमोर, म्हणजे आपल्या तुकडीची काळजी वाहणाऱ्या अधिकाऱ्यासमोर, उभं राहून बोलायची सोय आहे. ऐकून घेणारं कुणी नसलं की काय होतं, हे इतिहासानं दाखवलंय. 18 फेब्रुवारी 1946 ला मुंबईत ‘तलवार’ या नौदलाच्या किनाऱ्यावरच्या केंद्रातल्या नाविकांनी निकृष्ट जेवण आणि गोऱ्या अधिकाऱ्यांच्या अपमानास्पद बोलण्याविरुद्ध बंड केलं.

आणि आमच्या कोल्हापूर जिल्ह्यातली पोरं तिथं जायच्या आधीच लपवायला शिकतात. कान लपव, गुडघ्याचं जुनं दुखणं लपव, पोहता येत नाही ते लपव. पंचगंगेच्या काठावर वाढलेल्या पोराला पोहता येऊ नये याचं मला वाईट वाटतं, पण त्यात लपवण्यासारखं काय आहे? पोहायला तिथं शिकवतात. कानाचं दुखणं वेळेत दाखवलं असतं तर आधी उपचार झाले असते, निदान आईचे पैसे तरी वाचले असते.

मला नौदलालाही एक सांगायचं आहे. अग्निवीराला चार वर्षं मिळतात आणि त्यातले जास्तीत जास्त 25 टक्के कायम होतात. पहिली तुकडी 2022 च्या अखेरीस चिल्काला दाखल झाली. तिच्यात पहिल्यांदाच मुलीही होत्या. मार्च 2023 मध्ये सुमारे 2,600 जण प्रशिक्षण पुरं करून बाहेर पडले, त्यांत 273 मुली. अभिमान वाटला. पण चौघांतल्या एकालाच जागा असेल, तर आपल्या हातून झालेली चूक पोरगं चीफला सांगेल का? चीफला झोपेतून उठवताना मला नोकरी जायची भीती वाटली नाही, कारण माझ्यापुढं पंधरा वर्षांची नोकरी होती. तेव्हा कायम करताना गुण देता त्यात चूक वेळेवर सांगणाऱ्याला वेगळे गुण द्या. त्याच्याकडून ते वजा करू नका.

अकादमीवाल्यांनी प्रवेश देतानाच पोराचे कान, डोळे, दात तपासून घ्यावेत. सीपीआर या सरकारी दवाखान्यात दाखवा, नाहीतर गल्लीतल्या डॉक्टरला दाखवा. दोष निघाला तर फी घेऊ नका. सैनिक टाकळीसारखी गावं आपल्याकडं आहेत, फौजेत काय असतं हे सांगणारी माणसं तिथं घरोघरी भेटतात. नौदलातले आम्ही त्या मानानं थोडे, पण जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयानं बोलावलं तर अर्ध्या रात्री येऊ.

शिवाजी उद्यमनगरात माझं पंप दुरुस्तीचं छोटं वर्कशॉप आहे. रविवारी सकाळी नऊनंतर मी तिथंच असतो. भरतीची तयारी करणाऱ्या पोरापोरींनी यावं. एक पंप चालू ठेवतो, त्यावर हात ठेवून बघा.

— एक निवृत्त चीफ पेटी ऑफिसर, कोल्हापूर