पार्सलच्या मेसेजमधली लिंक उघडू नका

नमस्कार मंडळी, विश्रामबागच्या आपल्या ग्रुपमधल्या सगळ्यांनी हे जरा नीट वाचा. पोस्टाच्या नावानं फसवे मेसेज यायला लागलेत, "तुमचं पार्सल आलंय, पत्ता अपुरा आहे, 48 तासांत अपडेट करा नाहीतर परत जाईल" आणि खाली लिंक. काल आईला आला, तिनं खरंच मामाला राखी पाठवलेली म्हणून तिला वाटलं तेच असेल, चष्मा लावून पत्ता भरत बसलेली, पुढच्या पानावर कार्डानं 25 रुपये भरा आलं तेव्हा मला हाक मारली म्हणून वाचलो. रक्कम छोटीच मागतात हो, पण त्यांना कार्डाचा नंबर, सीव्हीव्ही नि ओटीपी पाहिजे असतो.

पत्ता अपडेट करा म्हणून पोस्ट असे मेसेज पाठवत नाही, हे त्यांनीच सांगितलंय. शंका आली तर पावतीवरचा 13 अक्षरी नंबर इंडिया पोस्टच्या साइटवर स्वतः टाकून बघा, मेसेजमधल्या लिंकवरनं नको. कुणी चुकून माहिती भरली असेल तर लाजू नका, लगेच बँकेला सांगून कार्ड ब्लॉक करा, आणि पैसे गेले असतील तर त्याच मिनिटाला 1930 ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला फोन लावा, जितका उशीर तितके ते पैसे पुढच्या खात्यात जातात. घरातल्या म्हाताऱ्या माणसांना आजच हे वाचून दाखवा.