ठरलेली सौर पॅनेल न बसवल्याबद्दल आणि त्यामुळे अनुदान नाकारले गेल्याबद्दल तक्रार

दिनांक : १२ जानेवारी २०२६
उचगाव, ता. जि. बेळगाव

प्रति,
मा. व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग,
बेळगाव शाखा

विषय : घराच्या स्लॅबवर बसवलेल्या तीन किलोवॅट सौर संचातील पॅनेल करारातील नोंदीप्रमाणे नसल्याबाबत.

महोदय,

आपल्या कंपनीशी मी ३ ऑगस्ट २०२५ रोजी करार करून ६०,००० रुपये आगाऊ भरले, ९ ऑक्टोबरला आपल्या माणसांनी माझ्या घरावर ५४० वॅटची सहा पॅनेल बसवली आणि ११ ऑक्टोबरच्या बिलाप्रमाणे उरलेले १,३३,४६० रुपये मी त्याच आठवड्यात चुकते केले. घेतलेली आणि वीज कंपनीला परत पाठवलेली अशी दोन्ही वीज मोजणारा नेट मीटर ६ नोव्हेंबरला बसला. त्यानंतर महिनाभरात केंद्र सरकारच्या पंतप्रधान सूर्यघर योजनेतील अनुदानाचे ७८,००० रुपये माझ्या खात्यावर जमा होतील असे आपण लेखी दिले होते. ते जमा झाले नाहीत. उलट आपण योजनेच्या पोर्टलवर चढवलेल्या प्रमाणपत्रातील पॅनेलचे क्रमांक प्रत्यक्ष पॅनेलवरील क्रमांकांशी जुळत नाहीत, या कारणासाठी माझा अर्ज नोव्हेंबरअखेर नाकारण्यात आला. त्यानंतर मी आपल्या कार्यालयात पाच वेळा येऊन गेलो, आणि प्रत्येक वेळी "वरून होईल, थांबा" एवढेच उत्तर मिळाल्यामुळे हे पत्र लिहीत आहे.

मी संच का घेतला, हे आधी सांगितले पाहिजे, कारण माझी अडचण पूर्ण ठाऊक असूनच आपल्या प्रतिनिधीने मला तो विकला. कर्नाटक सरकारची गृहज्योती योजना जुलै २०२३ पासून लागू झाली तेव्हा आमच्या घराचा २०२२-२३ चा सरासरी वापर महिन्याला १५० युनिट होता आणि त्यावर दहा टक्के वाढ धरून १६५ युनिटपर्यंतची वीज आम्हाला मोफत मिळू लागली. पुढे मुलाचे लग्न झाले, वरचा मजला चढवला, दुसरा फ्रिज आणि पाण्याची मोटर आली, आणि वापर २६० युनिटच्या आसपास गेला. योजनेत २०० युनिटची रेघ अशी आहे की ती ओलांडली की सवलत थोडी कमी होत नाही, त्या महिन्याचे सगळे बिल भरावे लागते. १६५ युनिट मोफत असलेल्या घराने १९५ वापरली तर त्याला तीस युनिटचे पैसे पडतात आणि २०५ वापरणाऱ्याला पूर्ण २०५ चे. आमच्या गल्लीत देवळाच्या कट्ट्यावर या योजनेवर रोज बोलले जाते. राज्याच्या तिजोरीला हा भार पेलणार नाही असे काही जण म्हणतात, तर महिनाअखेर चार पैसे हाताशी राहिले ते या योजनेमुळेच, असे आमच्या घरातल्या बायका सांगतात. मला दोन्ही बाजूंचे म्हणणे पटते. पण एकत्र कुटुंबात सहा माणसे राहतात म्हणून त्यांचा वापर वाढतो, आणि वेगवेगळ्या दोन मीटरवर तेवढीच सहा माणसे राहिली असती तर दोन्ही मीटरची सवलत टिकली असती, ही गोष्ट मला न्यायाची वाटत नाही. घर न फोडता बिल कमी करण्याचा एकच सरळ मार्ग मला दिसला, तो म्हणजे स्वतःच्या स्लॅबवर वीज तयार करणे.

आपला प्रतिनिधी आषाढात, भर पावसात आमच्या सोप्यात बसून बोलला. गृहज्योती आज ना उद्या बंद होणार आहे, दर वाढणार आहेत, आताच संच घ्या, असे त्याने सांगितले. सरकार कोणती योजना ठेवील आणि कोणती काढील, हे आपल्या कंपनीला ठाऊक असण्याचे कारण नाही, आणि लोकांच्या मनातली ही भीती माल विकण्यासाठी वापरणे मला गैर वाटते. संच बसला की बिल शून्य होईल असेही तो म्हणाला. नेट मीटर असला तरी मंजूर भारावरचा स्थिर आकार दर महिन्याला भरावाच लागतो, हे त्याने सांगितले नाही. पहिले बिल हातात आल्यावर मला ते कळले. महिन्याला ४०० युनिट निघतील असे त्याने कोटेशनच्या मागे पेनाने लिहून दिले आहे. ज्या मुलखात ज्येष्ठ-आषाढात आठवडाभर सूर्याचे तोंड दिसत नाही तिथे बाराही महिन्यांना एकच आकडा लिहिणारा माणूस एकतर बेळगावचा नसावा किंवा त्याने विचार केला नसावा. या दोन गोष्टी मी सोडून देतो, कारण मीही अधिक विचारायला हवे होते.

पॅनेलची गोष्ट मात्र मी सोडणार नाही. सूर्यघर योजनेत पहिल्या दोन किलोवॅटना प्रत्येकी ३०,००० आणि तिसऱ्याला १८,००० असे अनुदान मिळते, पण त्यासाठी पॅनेल आणि त्यातील सेल (उन्हापासून वीज तयार करणाऱ्या चकत्या) दोन्ही भारतात तयार झालेले असावे लागतात. या अटीवर देशात वाद आहे, तोही मी वाचतो. परदेशी सेलची पॅनेल स्वस्त पडतात, अट काढली तर अधिक घरांवर सौर संच दिसतील, असे एक मत आहे. आणि लोकांच्या करातून दिलेला पैसा देशातल्या कारखान्यांना आणि कामगारांना मिळावा, हे दुसरे. मी जन्मभर बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत काम केले आहे, त्यामुळे माझे मत दुसऱ्या बाजूला आहे. पण मत काहीही असो, आपण मला भाव सांगितला तो भारतीय सेलच्या पॅनेलचा. करारपत्राच्या दुसऱ्या पानावर तसे स्पष्ट लिहिले आहे.

एकतीस वर्षे मी एका फाउंड्रीत मालतपासणीच्या खात्यात होतो. आलेला माल चलनाशी ताडून पाहणे आणि नग-नग तपासून मगच सही करणे, एवढेच माझे काम होते. माझ्या स्वतःच्या घरावर आलेला माल मात्र मी आपल्यावर विश्वास ठेवून तपासला नाही, याची खंत वाटते. अर्ज नाकारल्यावर मी आणि मुलगा शिडी लावून वर चढलो, आणि स्टँडखाली उताणे होऊन एकेका पॅनेलच्या पाठीवरचा कागद वाचला. सहाही क्रमांक वहीत उतरवले आणि आपल्या प्रमाणपत्रातील सहा क्रमांकांशी ताडले. एकही जुळला नाही. चौथ्या पॅनेलच्या कागदावर, जिथे माल कुठे तयार झाला हे छापलेले असते, तिथे एक पांढरी पट्टी नंतर चिकटवलेली दिसते. तिचा उजवा कोपरा दहिवराने सुटला आहे आणि खाली छापील अक्षरे आहेत. ती पट्टी मी ओढून काढलेली नाही, कारण पंचनाम्याआधी पुराव्याला हात लावू नये हे मला कळते. सर्व सहा कागदांचे फोटो या पत्रासोबत जोडले आहेत.

दुसरी तक्रार जागेची आहे. आमच्या पाण्याची टाकी स्लॅबच्या नैर्ऋत्य कोपऱ्यात, चार फूट उंच चौथऱ्यावर आहे. पॅनेल पूर्वेला सरकवावीत असे मी काम चालू असताना सांगितले होते; केबल कमी पडेल म्हणून आपल्या माणसांनी ते ऐकले नाही. डिसेंबरमध्ये सूर्य दक्षिणेला कलला तेव्हा मी एक दिवस खडू घेऊन दर तासाला टाकीच्या सावलीची कड स्लॅबवर आखली. दोन वाजता सावली पाचव्या पॅनेलला शिवते, तीन वाजता पाचवे अर्धे झाकते आणि सहाव्यावर चढते, आणि ऊन उतरेपर्यंत तिथून हलत नाही. सगळी पॅनेल एकाच ओळीत जोडलेली असल्यामुळे त्या सावलीने पूर्ण संच मागे खेचला जातो. निरभ्र आभाळ असतानाही डिसेंबरमध्ये इन्व्हर्टरवर दिवसाला आठ ते नऊ युनिटच नोंदले गेले. या क्षमतेच्या संचातून बेळगावच्या हिवाळी उन्हात बारा युनिट निघायला हरकत नसावी. आखलेल्या खडूच्या रेघा अजून स्लॅबवर आहेत.

तिसरी बाब कराची. सौर उपकरणांवरील जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून बारा टक्क्यांवरून पाच टक्क्यांवर आला. माल आणि बिल दोन्ही त्यानंतर, ऑक्टोबरमध्ये आले असल्यामुळे आगाऊ रक्कम आधी दिली असली तरी नवाच दर लागू होतो. आपल्या बिलात मात्र १,७०,००० रुपये मूळ किमतीवर जुन्या हिशेबाने २३,४६० रुपये कर लावला आहे. सत्तर टक्के मालावर पाच टक्के आणि तीस टक्के कामावर अठरा टक्के धरले तर तो १५,१३० रुपये होतो. फरक ८,३३० रुपयांचा आहे.

या व्यवहारासाठी मी सोसायटीचे कर्ज काढले आहे, बारा टक्क्यांनी. रिझर्व्ह बँकेने २०२५ मध्ये रेपो दर, म्हणजे ती बँकांना ज्या व्याजाने पैसे देते तो दर, साडेसहा टक्क्यांवरून सव्वापाच टक्क्यांवर आणला, या बातम्या आम्ही चार वेळा वाचल्या, पण गावातल्या सोसायटीच्या दरापर्यंत त्यातले काही पोहोचले नाही. सूर्यघर योजनेखाली राष्ट्रीयीकृत बँकेचे कर्ज याहून खूप कमी व्याजाने मिळाले असते आणि मी तेच घेणार होतो. बँकेत दोन महिने जातील, सोसायटीचे आठ दिवसांत करून देतो, असे सांगून आपल्या प्रतिनिधीने मला तिकडे वळवले. बँकेने पॅनेलचे कागद पैसे देण्याआधी तपासले असते, हे मला आता सुचते. अनुदानाचे ७८,००० आले असते तर तेवढे कर्ज मी डिसेंबरच्या सुरुवातीलाच फेडणार होतो. ते न आल्यामुळे दरमहा ७८० रुपये जादा व्याज मी भरत आहे.

आणखी एक सांगतो. आमच्या गल्लीतली चार घरे माझा संच पाहून अर्ज करणार होती. त्यात एक विधवा बाई आहेत, ज्यांनी त्यासाठी हातातली पाटली विकण्याची तयारी केली होती. देशात एक कोटी घरांवर सौर संच बसवण्यासाठी केंद्राने ७५,०२१ कोटी रुपयांची योजना फेब्रुवारी २०२४ मध्ये मंजूर केली. दहा किलोवॅटपर्यंतच्या संचाला तांत्रिक तपासणीविना मंजुरी मिळावी, असा नियमातला बदलही त्याच महिन्यात झाला. २०२३ च्या दुष्काळात धरणे रिकामी पडून आमच्या शेतातल्या मोटरींना वीज तासांच्या हिशेबाने मिळत होती, ते दिवस आम्ही विसरलेलो नाही. म्हणून ही योजना आम्हाला मनापासून हवी आहे. पण दिल्लीत कितीही चांगला निर्णय झाला तरी तो आमच्या गावात येतो तो आपल्यासारख्या कंपनीच्या हातून. आज ती चारही घरे थांबली आहेत, आणि त्यांना पुढे व्हा असे सांगण्याचे तोंड मला राहिलेले नाही.

हे पत्र मराठीत लिहिले आहे. आपला प्रतिनिधी पहिल्या दिवसापासून माझ्याशी मराठीत बोलला, कोटेशनमागचा आकडाही त्याने मराठीत लिहिला. फक्त सहीसाठी आलेले अकरा पानी करारपत्र इंग्रजीत होते. भाव मराठीत आणि अटी इंग्रजीत, हे सीमाभागातल्या आमच्यासारख्या ग्राहकाला परवडणारे नाही. कन्नडमध्ये दिले असते तरी मुलाने वाचून दाखवले असते. त्या करारात वाद झाल्यास फक्त बेंगळुरूच्या न्यायालयात जाता येईल असे एक कलम असल्याचे मला नंतर समजले. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ प्रमाणे ग्राहक जिथे राहतो तिथल्या जिल्हा आयोगाकडे तक्रार करता येते आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्कही लागत नाही, याची माहिती मी घेतली आहे.

माझे मागणे असे आहे. सहाही पॅनेल काढून करारात लिहिल्याप्रमाणे भारतीय सेलची, खऱ्या प्रमाणपत्रासह बसवून द्यावीत. ती बसवताना टाकीच्या सावलीबाहेर, पूर्वेच्या कठड्याकडे सरकवावीत आणि जादा केबलचा खर्च कंपनीने सोसावा. त्यानंतर अनुदानाचा अर्ज आपण स्वतः दुरुस्त करून पुन्हा भरावा. योजनेची मुदत २०२६-२७ पर्यंत असल्यामुळे यात चालढकल मला चालणार नाही. काही कारणाने अनुदान मिळूच शकले नाही, तर ७८,००० रुपये कंपनीने मला द्यावेत. जादा घेतलेला ८,३३० रुपये कर परत करावा, डिसेंबरपासून अनुदान जमा होईपर्यंतचे दरमहा ७८० रुपये व्याज भरून द्यावे, आणि करारपत्राची मराठी प्रत सहीशिक्क्यासह मिळावी. संच काढून न्या आणि पैसे परत करा असे मी म्हणत नाही. मला सौर वीज हवी आहे, ठरली तशी हवी आहे.

हे पत्र मिळाल्यापासून पंधरा दिवसांत लेखी उत्तर आले नाही तर मी बेळगावच्या जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाकडे जाईन आणि जुळत नसलेल्या प्रमाणपत्राची माहिती योजनेच्या राष्ट्रीय पोर्टलवरही नोंदवीन. पाहणीसाठी माणूस पाठवणार असाल तर आदल्या दिवशी कळवावे आणि त्याला दुपारी दोननंतर पाठवावे, कारण सावली त्या वेळी पडते. शिडी घरात आहे.

आपला,
ग्राहक (करार क्रमांक सोबतच्या प्रतीवर)
उचगाव, ता. जि. बेळगाव

सोबत : करारपत्र, कोटेशन (मागच्या बाजूसह) व बिलाच्या प्रती, सहा पॅनेलच्या कागदांचे फोटो, क्रमांक ताडलेले वहीचे पान, डिसेंबरमधील रोजच्या युनिटची नोंद.