सत्तर-तीस परत आणा म्हणतोस, तर हे वाच

संज्या,

तुझा व्हॉइस मेसेज ऐकला, मधेच तुझी गाडी, मधेच वहिनींचा आवाज, आणि सगळं मिळून म्हणणं एकच की मेडिकल प्रवेशाचं ते रद्द झालेलं विभागवार सत्तर-तीस परत आणा, विदर्भाच्या मेडिकलच्या जागा विदर्भाच्या पोरांना ठेवा. फोन केला असता तर आपण भांडलो असतो आणि निम्मं राहून गेलं असतं, म्हणून लिहितोय. इथं मधेच तोडायला तू नाहीस हे एक बरंय.

आधी मला हे सांग, २०२५ च्या जानेवारीत सुप्रीम कोर्टाने पीजी मेडिकलचं, म्हणजे एमडी-एमएसचं, रहिवासावरचं आरक्षण काढलं, ती तन्वी बहलची केस, चंदीगडच्या सरकारी मेडिकल कॉलेजवरून सुरू झालेली, तेव्हा तू ग्रुपवर लिहिलेलंस की एकदम बरोबर, देश एक आहे तर मेरिट पण एकच पाहिजे. आणि आता नागपूरच्या एमबीबीएसच्या जागेवर लातूरचा पोरगा आला की लगेच तो बाहेरचा? काऊन बे?

आता तू म्हणशील एमबीबीएस वेगळं आणि पीजी वेगळं. बरोबर आहे, कोर्टानेच तसं केलंय. १९८४ च्या प्रदीप जैन केसमध्ये न्यायमूर्ती भगवतींनी हेच म्हटलं होतं की एमबीबीएसला काही प्रमाणात स्थानिकांना जागा ठेवता येतील, राज्य त्यावर खर्च करतं, मागास भाग असतात, पण एमडी-एमएसला गेलात की तिथं राहण्यावरून नाही बघायचं. त्यातूनच पुढे सरकारी कॉलेजांतल्या १५ टक्के जागा ऑल इंडिया कोट्याला गेल्या आणि ८५ राज्याकडे राहिल्या. त्या ८५ बद्दल माझं काही म्हणणं नाही, ठेवा की. माझं भांडण ८५ च्या आत परत कुंपण घालण्याशी आहे.

आणि ते कुंपण कसं होतं हे तुला आठवतंय का नीट? विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्र असे तीन तुकडे, प्रत्येकात ७० टक्के जागा त्या विभागाच्या पोरांना आणि ३० सगळ्या राज्याला. कागदावर छान. पण २०२० ला बघ, तुमच्या विदर्भात सरकारी कॉलेजं नागपूरलाच दोन, वर यवतमाळ, अकोला, चंद्रपूर, गोंदिया. आमच्या मराठवाड्याच्या आठ जिल्ह्यांत मिळून चार, औरंगाबाद, अंबाजोगाई, नांदेड, लातूर, संपलं. उर्वरितवाल्यांकडे तर मुंबईतलीच मोजत बसावं लागेल. मग आमचा कटऑफ वर जाणार नाही तर काय होणार? शेजारच्या विभागातला कमी मार्कांचा पोरगा सरकारी कॉलेजात आणि आमचा ड्रॉप घेऊन परत लातूरच्या रूमवर, हे मी वर्गात दरवर्षी बघायचो. तुळजापूरवरून सोलापूर केवढं लांब रे, एसटीने तासाभराचा रस्ता, पण तुळजापूरच्या पोराला सोलापूरच्या मेडिकल कॉलेजात सत्तरमध्ये जागा नाही कारण सोलापूर उर्वरित महाराष्ट्रात आणि उस्मानाबाद जिल्ह्यात तेव्हा सरकारी मेडिकल कॉलेजच नव्हतं.

त्यात गंमत म्हणजे विभाग ठरायचा बारावी कुठून पास केली त्यावर. म्हणजे नगरची, सोलापूरची जी पोरं क्लाससाठी लातूरला येऊन बारावी द्यायची ती झाली मराठवाड्याची, आणि आमच्या गावचा पोरगा पुण्याला बारावीला गेला की तो झाला परका. आता यातला स्थानिक कोण हे मला कोणीतरी समजावून सांगा.

सप्टेंबर २०२० ला सरकारने ते रद्द केलं, मंत्री अमित देशमुख, लातूरचेच, त्यामुळे तुमच्याकडे काय काय बोललं गेलं ते मला माहितीये. राजकारण नव्हतं असं मी म्हणत नाही. आमचे सगळ्या पक्षांचे आमदार त्या मागणीमागे होते आणि तुमचे विरोधात, पक्ष गेला बाजूला.

तुझा एक मुद्दा मात्र मला खरंच झोंबला, की गडचिरोलीच्या पोराने लातूर-नांदेडच्या क्लासवाल्यांशी टक्कर कशी द्यायची. नाही देऊ शकत. पण संज्या, सत्तर-तीस होतं तेव्हा तरी त्या विदर्भाच्या जागांवर कोण बसायचं? गडचिरोलीवालं का नागपूरचं क्लास लावलेलं पोरगं? रेषा विभागाची आखली की त्या विभागातलं सगळ्यात तगडं शहर जागा उचलतं आणि नाव मात्र मागासांचं होतं. गडचिरोलीसाठीच भांडायचं असेल तर गडचिरोलीचं नाव घेऊन भांड, त्यात मी तुझ्या बाजूने सही करतो.

खरं दुखणं जागांचं आहे आणि ते आजचं नाही. १९५३ च्या नागपूर करारापासून विदर्भ-मराठवाड्याला वाटा द्यायचं बोलणं चालूये, घटनेत ३७१(२) मध्ये तंत्रशिक्षणाच्या पुरेशा सोयींचं लिहिलंय, १९८४ ला दांडेकर समितीने विकासातला अनुशेष मोजून दिला. विभागांच्या विकास मंडळांची मुदत एप्रिल २०२० ला संपली, त्यावर कोणी एवढा गळा काढला नाही जेवढा सत्तर-तीसवर काढला. कॉलेजं मात्र नंतर आली, धाराशिव, परभणी, मग २०२४ ला एकदम दहा, त्यात आमचं जालना आणि हिंगोली, तुमचं गडचिरोली, भंडारा, वाशीम, बुलढाणा, अमरावती. या सातही ठिकाणी प्रत्येकी १०० जागा. आता तिथं शिकवायला माणसं आहेत का, हॉस्पिटल नीट चालतं का, यावर तू आणि मी दोघं मिळून ओरडूया ना.

आणि पीजीच्या निकालावर तू टाळ्या वाजवल्यास त्याबद्दल पण सांगतो. कोर्टाचं लॉजिक मला पटतं, पण आमच्याकडे सरकारी हॉस्पिटल चालतं ते रेसिडेंट लोकांच्या, म्हणजे पीजी करणाऱ्या डॉक्टरांच्या जिवावर. लांबच्या राज्यातला पोरगा येणार, तीन वर्षं काढणार आणि आपल्या गावी जाणार, त्याची काय चूक, मी पण गेलो असतो. पण ओपीडीत म्हातारी म्हणते 'कसंतरी होतंय, जीव घाबरा होतोय', आणि तो नर्सकडे बघतो. सिस्टर भाषांतर करतात, त्यांना त्याचे वेगळे पैसे मिळत नाहीत. आणि आपली पोरं तरी कुठं धुतल्या तांदळासारखी, एमबीबीएसनंतर सरकारी सेवेचा एक वर्षाचा बॉन्ड आहे, नाही केला तर १० लाख भरून सुटता यायचं, आणि भरून मोकळे होणारे घरचेच असायचे. स्थानिक म्हणून जागा घ्यायची तर स्थानिकांना थोडी परत पण द्या की. हे बोललो की स्टाफरूममध्ये सगळे गप्प होतात, कारण प्रत्येकाचा कोणीतरी त्यात असतो.

बरं, हे सगळं राहू दे, पिंकीचं महत्त्वाचं. तिला राजस्थानातल्या कोटा शहरात क्लासला पाठवायचं चाललंय असं वहिनी मागे बोलताना ऐकू आल्या. क्लास कुठला पण लाव, पण अकरावी-बारावीचं नाव राजस्थानच्या शाळेत टाकू नको. आपल्या ८५ टक्क्यांत यायला दहावी आणि बारावी दोन्ही महाराष्ट्रातून लागतात, वर डोमिसाइल. दरवर्षी एखादं तरी पोरगं यात अडकतं आणि आईबाप काउन्सेलिंगच्या वेळी पळापळ करतात. डोमिसाइल तिचं काढलंयस का? नसेल तर या आठवड्यातच तहसीलला जाऊन अर्ज टाक, जूनमध्ये तिथं उभं राहायला जागा नसते. मार्कलिस्टचा फोटो मला पाठव, नाव आणि जन्मतारीख सगळीकडे सारखी आहे का ते बघतो.

दिवाळीत येतोयस ना अंबाजोगाईला?

तुझा
दिप्या