आधी दिवा, मग गाडीचं नाक

महोदय,

वाहनविषयक पुरवण्यांमध्ये जुन्या जपानी स्पोर्ट्स गाड्यांची छायाचित्रं येतात. उघडझाप करणारे पॉप-अप दिवे काढलेले, पुढे फायबरचं नवं नाक आणि त्यात बारीक प्रोजेक्टर, म्हणजे भिंगाचे छोटे दिवे. खाली रंग, चाकं, खर्च सगळं दिलेलं असतं, पण दिवा जमिनीपासून किती उंचीवर आहे हे मात्र नसतं. या कामात पहिला प्रश्न तोच आहे, म्हणून हे पत्र.

पॉप-अप दिवे निव्वळ हौसेखातर आले नव्हते. नाक खाली ठेवायचं, पण दिवा नियमाइतका उंच हवा, या पेचातून ते आले. युरोपच्या नियमात डिपरचा दिवा जमिनीपासून किमान ५०० मिलिमीटरवर लागतो, अमेरिकेत २२ इंचांवर, म्हणजे सुमारे ५५९ मिलिमीटरवर. १९८९ ते १९९७ या काळातली माझदा एमएक्स-५ घ्या. तिचा सात इंची गोल दिवा उघडला की उंचीचा प्रश्नच राहत नाही. तोच दिवा काढून प्रोजेक्टर बंपरच्या तोंडाशी बसवला, की उंची थेट मर्यादेवर येते. त्यात स्प्रिंग बदलून गाडी ४० मिलिमीटर खाली केली, तर ५२० चा दिवा ४८० वर जातो. म्हणून मोजमाप गाडी शेवटी जितकी खाली बसणार आहे त्या उंचीवर घ्यावं, आणि तेही फायबरच्या नाकाचा साचा बनवण्याआधी.

दिवा उघडत नाही एवढ्याच कारणाने तो काढणार असाल, तर थांबा. बहुतेक वेळा दोष फ्यूज, रिले किंवा गंजलेल्या सॉकेटमध्ये असतो. दिवा उचलणाऱ्या प्रत्येक मोटरवर रबरी टोपीखाली हाताने फिरवायची मूठ आहे. ती फिरवून दिवा वर येत असेल तर यंत्रणा शाबूत आहे. तिथे हात घालण्याआधी रिट्रॅक्टचा, म्हणजे या मोटरींचा, फ्यूज काढलाच पाहिजे. मोटर अचानक फिरली तर बोटं चिरडतात.

काढायचंच ठरलं, तर सर्वांत मोठी चूक टाळा: दिवा फायबरच्या नाकाला बोल्ट करू नका. फायबर थरथरतं, उन्हात थोडं वाकतं आणि प्रत्येक वेळी बंपर उतरवून चढवला की दिव्याची दिशा बदलते. पॉप-अपच्या मूळ बोल्टांच्या भोकांवर २ ते ३ मिलिमीटर पोलादी पत्र्याचा ब्रॅकेट घ्यावा आणि त्यावर तीन ठिकाणी स्क्रूने जुळवता येईल असा दिवा बसवावा. फायबर ही फक्त भोवतीची चौकट. बंपरमागची आडवी पट्टी प्रोजेक्टरला जागा हवी म्हणून कापतात, तेही करू नये. धडक तीच सोसते.

दिशा जुळवताना गाडी सपाट जमिनीवर, चाकांत योग्य हवा, चालकाच्या जागी माणूस आणि भिंत १० मीटरवर. भिंतीवर डिपरच्या उजेडाची वरची कड दिव्याच्या मध्यापेक्षा १० सेंटिमीटर खाली पडली पाहिजे. आपल्याकडे, जपानमध्ये आणि ब्रिटनमध्ये गाड्या डावीकडून चालतात, त्यामुळे कड डावीकडे वर चढलेली हवी. आखाती देशांतून किंवा अमेरिकेतून आणलेला दिवा उजवीकडच्या वाहतुकीसाठी असतो. तो समोरच्या चालकाच्या डोळ्यांत मारतो. हॅलोजनच्या रिफ्लेक्टरमध्ये नुसता एलईडी बल्ब बसवणंही तसंच. बल्बची तापणारी तार (फिलामेंट) जिथे असायला हवी तिथे प्रकाशाचा उगम नसतो, आणि मग उजेड हवा तिथे न पडता भलतीकडे विखुरतो. दिव्यावर फार कललेली पारदर्शक झाकणंही उजेड वाकवतात. अमेरिकेच्या १९६८च्या नियमांमुळे जॅग्वार ई-टाइपवरची काचेची झाकणं गेली, हे विसरू नये.

वायरिंगबद्दल थोडक्यात: ५५-६० वॉटच्या जोडीला सुमारे १० अँपिअर लागतात. बॅटरीवरून फ्यूज आणि रिले घालून २.५ चौरस मिलिमीटरची तार द्या. हॅलोजनला व्होल्टेज १० टक्के कमी मिळालं, तर उजेड सुमारे ३० टक्के घटतो.

आता फायबर. मूळ आकार घडवायला थर्माकोल वापरू नये, पॉलिस्टर रेझिनमधलं स्टायरिन तो विरघळवतं. पॉलियुरेथेन फोम घ्या. दोन चौरस मीटरच्या नाकाला चौरस मीटरला ४५० ग्रॅम वजनाच्या काचतंतूच्या मॅटचे तीन थर म्हणजे २.७ किलो मॅट आणि अडीचपट, म्हणजे पावणेसात किलोच्या आसपास रेझिन. जेलकोट, म्हणजे बाहेरचा गुळगुळीत थर, अर्ध्या मिलिमीटरचा. हार्डनर एक ते दोन टक्के, उन्हाळ्यात कमी, नाहीतर रेझिन डब्यातच तापून घट्ट होतं. आपल्याकडे कोबाल्ट, म्हणजे रेझिन लवकर घट्ट करणारं द्रव्य, वेगळं मिळतं. ते आधी रेझिनमध्ये पूर्ण ढवळावं, हार्डनर नंतर. दोन्ही एकमेकांत थेट मिसळले तर स्फोट होऊ शकतो. साचा लवकर सोडवला तर नाक वाकतं, आणि मग बॉनेटच्या कडेची फट पुट्टीने भरत बसावं लागतं. ती पुट्टी पुढे तडकते.

हवेचा मार्गही जपा. एमएक्स-५ चा रेडिएटर खालच्या तोंडातून हवा घेतो. नवं तोंड लहान केलं किंवा खालचं प्लास्टिक कव्हर फेकून दिलं, तर हवा रेडिएटरला वळसा घालून जाते आणि इंजिन तापतं.

ज्यांना साचाच नको, त्यांच्यासाठी जपानमधला जुना मार्ग शहाणपणाचा आहे. पॉप-अप दिव्यांच्या निसान १८०एसएक्सला निसानच्याच एस१३ सिल्व्हियाचे फेंडर, बॉनेट, बंपर आणि स्थिर दिवे बसतात, कारण दोघींचा सांगाडा एकच. कारखान्यात तपासलेला दिवा कारखान्याच्याच जागी बसतो, आणि मला हाच उपाय सर्वांत पटतो.

भारतात मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ उत्पादकाने नोंदवलेल्या तपशिलात फरक करू देत नाही; सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये ते ठामपणे सांगितलं. कलम १८२अ नुसार मालकाला प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. म्हणून गाडी पुन्हा मूळ रूपात आणता यावी यासाठी मूळ दिवे, मोटरी आणि झाकणं भंगारात न देता जपून ठेवावीत आणि वायरिंगचे सॉकेट न कापता गुंडाळून बांधावेत. पुरवणीत अशा गाडीचं पुढचं छायाचित्र छापाल, तेव्हा रंगाच्या नावाशेजारी दिव्याची उंची आणि त्यावरचा मान्यतेचा शिक्काही द्यावा, ही विनंती.

– मोटार बॉडीकामातला एक वाचक, पुणे