उडायचं कशाला?

ती. अप्पा आणि आई,
शि. सा. न. वि. वि.

परवा फोनवर माझ्या छोटं विमान चालवण्याच्या छंदाबद्दल अप्पांनी विचारलं, "कुठे जायचं नाही, कुणाला भेटायचं नाही, तासभर वर फिरून जिथून निघालीस तिथेच उतरायचं. मग उडायचं कशाला?" मी उत्तर द्यायला सुरुवात केली तोवर आईनं मधेच "पण धोका नाही ना गं त्यात?" म्हटलं आणि बोलणं तिकडेच गेलं. दोन्ही प्रश्न रास्त आहेत, म्हणून सावकाश लिहायला बसले आहे. आधी अप्पांचा.

प्रवासाला आपण ज्या विमानात बसतो ते दहा-अकरा किलोमीटर उंचीवरून जातं. तिथून खाली दिसतो तो नकाशा, तोही ढग नसतील तर. मी बहुतेक वेळा दोन-तीन हजार फुटांवर असते, म्हणजे सहाशे ते नऊशे मीटर. ही उंची फार मजेची आहे. नदी कुठून कशी वळत गेली ते अख्खं दिसतं आणि तिच्या काठावर उभा असलेला माणूसही दिसतो. एखाद्या शेतातून फार पूर्वी ओढा वाहत असला तर तो गेला कुठून, हे मातीच्या बदललेल्या रंगावरून कळतं. त्या शेतात रोज राबणाऱ्यालाही ते कदाचित दिसत नसेल. रस्त्यानं जाताना गाव नुसतं येतं आणि जातं. वरून बघितलं की ते नेमकं तिथेच का वसलं हे समजतं: पाण्याचा वळसा, दोन वाटांचा फाटा, मागे टेकडीचा आडोसा. अप्पा, तुम्ही जन्मभर भूगोल शिकवलात. जे कळायला मला बरेच महिने लागले ते तुम्हाला पाच मिनिटांत कळेल.

पण खरं सांगू? देखावा हा वरकड नफा. नुसता देखावाच हवा असेल तर डोंगर चढावा, स्वस्तात होतं. मला ओढ आहे ती त्या यंत्राची, कारण त्यात मी आणि हवा यांच्या मधे फारसं काही नाही.

मी चालवते ते सेस्ना १७२. चार जागा, डोक्यावर पंख, पुढे एक इंजिन. १९५६पासून ते विकलं जातंय, मधली काही वर्षं सोडली तर अजूनही बनतंय, आणि आजवर ४४,०००हून जास्त बनली आहेत. दुसरं कुठलंच विमान जगात इतक्या संख्येनं बनलेलं नाही. हातातल्या चाकापासून आणि पायातल्या पेडलांपासून निघालेल्या पोलादी तारा कप्प्यांवरून थेट पंखांच्या आणि शेपटीच्या हलत्या फळ्यांपर्यंत जातात. मधे संगणक नाही की तेलाचा दाब नाही. हवेनं फळीला ढकललं की ते तळहाताला जाणवतं. वेग उतरला की चाक सैल लागतं, वाढला की ताठ होतं. सवय झाली की काट्याकडे न बघताही वेगाचा अंदाज येतो, आणि तो बरोबर निघाला की मला अजून लहान मुलासारखा आनंद होतो.

निघण्याआधी विमानाभोवती एक प्रदक्षिणा घालावी लागते. हाही भाग मला मनापासून आवडतो. टाक्यांच्या तळाशी छोट्या झडपा असतात. तिथून पारदर्शक नळीत थोडं पेट्रोल काढायचं आणि उजेडाकडे धरायचं. या पेट्रोलला मुद्दाम निळा रंग दिलेला असतो. त्यात पाणी शिरलं असेल तर ते जड म्हणून तळाशी बसतं आणि बिनरंगी असल्यामुळे लगेच वेगळं ओळखू येतं. पेट्रोल किती आहे हे सांगणाऱ्या काट्यावर कुणी विश्वास ठेवत नाही. वर चढून, झाकण उघडून, आत पट्टी बुडवून बघायचं. मग तेल, टायर, पंख्याच्या पात्यांच्या कडा, प्रत्येक बिजागरी.

डाव्या पंखाच्या पुढच्या कडेला एक लहान फट असते आणि तिच्या मागे, आपल्या पेटीत असते तशी, धातूची पातळ जीभ. विमानाचं नाक गरजेपेक्षा वर गेलं, पंखाला उचल मिळेनाशी व्हायची वेळ जवळ आली, की त्या फटीशी हवेचा दाब घटतो, आतली हवा बाहेर खेचली जाते आणि जीभ वाजू लागते. वीज लागत नाही, बटण लागत नाही. धोक्याचा इशारा हवा स्वतःच वाजवून देते. ही पेटी जमिनीवर तपासायची तर फटीवर रुमाल धरून तोंडानं हवा ओढायची. विमानाच्या पंखाला तोंड लावून उभी असलेली मी आईनं पाहिली तर अप्पांचा प्रश्न ती वेगळ्या काळजीनं विचारेल.

पूर्ण ताकद दिली की नाक डावीकडे पळू बघतं. पंख्यानं मागे फेकलेली हवा पीळ घेत येते आणि शेपटीच्या डाव्या अंगावर आदळते, म्हणून उजवा पाय दाबून धरावा लागतो. ताशी शंभर किलोमीटरच्या आसपास चाक हलकेच मागे घ्यायचं. मग धावपट्टीचा खडखडाट एकदम थांबतो. त्या थांबण्याबद्दल मला अजून नीट लिहिता येत नाही, तेव्हा राहू दे.

वर गेल्यावर हवेचा भूगोल सुरू होतो. नांगरलेल्या काळ्या जमिनीवरून जाताना विमान उचललं जातं, पुढे तळं आलं की खाली बसतं. वारा कुठून आहे ते धुरावरून दिसतंच, पण पाण्यावरूनही दिसतं: ज्या काठाकडून वारा येतो तिथलं पाणी गुळगुळीत असतं आणि लाटा पलीकडे उठतात. आणि अप्पा, तुमचा दवबिंदू, म्हणजे हवा ज्या तापमानापर्यंत निवली की तिच्यातल्या वाफेचं पाणी होऊ लागतं तो! दुपारचे कापसाळ ढग असतील तर जमिनीवरचं तापमान आणि दवबिंदू यांतल्या फरकाला चारशेनं गुणायचं. ढगांचा तळ साधारण तितक्या फुटांवर सापडतो. पाच अंशांचा फरक असेल तर दोन हजार फूट. हे गणित कागदावर करायचं, मग वर जाऊन बघायचं, तर खरोखरच सगळ्या ढगांचे तळ एकाच पातळीत कापलेले. शाळेत हेच मार्कांसाठी पाठ केलं होतं. कधी खाली ढगांचा पातळ थर असतो आणि ऊन पाठीशी. तेव्हा ढगावर आपल्या विमानाची सावली पळते आणि तिच्याभोवती गोल इंद्रवज्र. शेजारी कुणी बसलेलं असेल तर मी बोटानं दाखवते, बोलत नाही. हेडफोनमधून बोललेलं तसंही पत्र्यासारखं ऐकू येतं.

पण सगळ्यात जास्त मजा उतरण्यात आहे. धावपट्टीच्या टोकाला लिहिलेला आकडा म्हणजे होकायंत्रावरची दिशा भागिले दहा: २७ म्हणजे पश्चिमेकडे तोंड, त्याच पट्टीच्या दुसऱ्या टोकाला ०९. पट्टीला समांतर, उलट्या दिशेनं, साधारण हजार फुटांवरून जायचं, टोक मागे पडलं की ताकद कमी करत दोनदा वळून समोर यायचं. वारा सरळ समोरून असेल तर सोपं आहे. तो क्वचितच तसा असतो. आडवा असेल तेव्हा वाऱ्याकडचा पंख खाली झुकवायचा, उलट्या पायानं नाक पट्टीशी सरळ धरायचं आणि तसंच तिरपं येत एका चाकावर आधी टेकायचं. हात एक सांगतो, पाय दुसरं, आणि विमान सरळ जातं. जमीन पंखांच्या लांबीपेक्षाही जवळ आली की विमान तरंगायला लागतं, उतरायला मागत नाही. तिथे घाई केली की ते आपटतं किंवा उसळतं. नजर पट्टीच्या पलीकडच्या टोकावर ठेवायची, नाक धरून ठेवायचं, अजून थोडं, अजून थोडं. पंखातली पेटी वाजू लागते आणि त्याच सुमारास चाकं टेकतात. दर वेळी वारा वेगळा, ऊन वेगळं, वजन वेगळं, म्हणून एकदा जमलं ते पुढच्या वेळी जमेलच असं नाही. पुष्कळदा मी दुपारभर फक्त चढते-उतरते. अप्पा, तुम्ही म्हणता ते 'कुठेही न जाणं' ते हेच. त्या वेळात डोक्यात ऑफिस नसतं, न भरलेली बिलं नसतात, तुमच्या गुडघ्याची काळजीही नसते, रागावू नका. जागाच उरत नाही.

आता आईचं. मोठ्या प्रवासी विमानाइतकं हे सुरक्षित नाही. खोटं सांगून तुझं समाधान करणार नाही. पण धोका कुठून येतो ते ठाऊक असतं आणि त्यातला बराचसा चालवणाऱ्याच्या हातात असतो. इंजिन बंद पडलं तर विमान धाडकन खाली येत नाही, घसरत येतं. तीन हजार फुटांवरून वारा नसताना साधारण आठ किलोमीटर जाता येतं, आणि तेवढ्यात सपाट शेत शोधायचं. शिकवताना शिक्षक काहीही न सांगता ताकद काढून घेतात आणि एवढंच विचारतात, "कुठे?" त्यामुळे आता माझी नजर आपोआप शेतं हेरत असते. शिवाय स्वतःच वीज बनवून इंजिनाला ठिणगी देणारे मॅग्नेटो दोन असतात आणि दर सिलिंडरला प्लगही दोन. बॅटरी मेली तरी इंजिन चालू राहतं.

मला इंजिनापेक्षा ढगांची भीती जास्त. ढगात शिरलं की क्षितिज जातं आणि मग कानातला तोल सांभाळणारा द्रव खोटं बोलायला लागतो: विमान वळत असतं आणि आपल्याला ते सरळ वाटतं. नुसत्या काट्यांकडे बघून उडायचं शिक्षण वेगळं असतं. ते मी अजून घेतलेलं नाही, म्हणून समोर ढग दाटले की मी मागे वळते. आणि निघण्याआधीच शंका आली तर निघतच नाही. प्रदक्षिणा घालून, वाऱ्याकडे बघून, विमान परत झाकून घरी आलेले दिवस पुष्कळ आहेत. सुरुवातीला चरफडायचे. आता त्यातही एक चैन वाटते. ऑफिसात 'नाही' म्हणायला चार सह्या लागतात, इथे माझी एकटीची पुरते.

आमच्या क्लबात पायपर कब नावाचं एक पिवळं जुनं विमानही आहे. १९३८ ते १९४७ या काळात ही जवळजवळ २०,००० बनली. ६५ अश्वशक्तीचं इंजिन, एकट्यानं उडायचं तर मागच्या जागेवर बसायचं, आणि पेट्रोल किती उरलं हे दाखवायला नाकावर बाहेर डोकावणारी एक तार. तिच्या खालच्या टोकाला टाकीत बूच तरंगत असतो. तार खाली गेली की उतरा. मला हे उपकरण आजवर पाहिलेल्या सगळ्या उपकरणांपेक्षा प्रामाणिक वाटतं. उन्हाळ्यात दार उघडं टाकून उडता येतं. आई, हे वाक्य तू वाचलं नाहीस.

माझ्या सेस्नाच्या भावंडाचीही एक गोष्ट आहे. १९५८च्या डिसेंबरात रॉबर्ट टिम आणि जॉन कुक लास व्हेगासहून १७२ घेऊन उडाले ते थेट १९५९च्या ७ फेब्रुवारीला उतरले. ६४ दिवस २२ तास, मधे एकदाही न थांबता. सरळ रस्त्यावरून ट्रक धावायचा, हे त्याच्या डोक्यावरून तितक्याच वेगानं जायचे आणि नळी वर ओढून पेट्रोल घ्यायचे. जेवणही तसंच वर यायचं. आई पहिला प्रश्न कोणता विचारेल ते मला माहीत आहे. त्याचं उत्तर पत्रात लिहिण्यासारखं नाही.

"हे सगळं तरुणांचं," असं अप्पा म्हणणार, तेव्हा त्याचीही सोय करून ठेवते. जे. आर. डी. टाटांनी १९३२ मध्ये कराचीहून मुंबईला टपाल आणलं ते पुस मॉथ नावाच्या लहानशा विमानातून. त्याला पन्नास वर्षं झाली तेव्हा, १९८२ मध्ये, वयाच्या ७८व्या वर्षी ते लेपर्ड मॉथ नावाचं जुनं विमान घेऊन पुन्हा त्याच वाटेनं आले. तुम्हाला तर चालवायचंही नाही, नुसतं बसायचंय.

इकडे याल तेव्हा नेणार आहेच. अप्पा पुढे माझ्या शेजारी, त्यांच्याकडेही एक चाक असतं, त्याला हात लावू देईन, आई मागे. चार जागा असल्या तरी चार माणसं आणि भरलेल्या टाक्या असं दोन्ही बहुधा झेपत नाही, आणि मागे वजन जास्त झालं की नाक सांभाळायला अवघड जातं. म्हणून कोण कुठे बसणार आणि पेट्रोल किती घ्यायचं याचा हिशेब मला आधी कागदावर मांडावा लागतो. तेव्हा दोघांचीही वजनं कळवा, बूट, स्वेटर आणि पर्स धरून. आई, तू सगळ्यांना सांगतेस ते नको, काट्यावरचं हवं.

तुमची,
धाकटी