वाटणीपत्रात विहीर आणि वाटही लिहा

शेतजमिनीच्या वाटणीपत्राची नोंदणी फी माफ करण्याचा राज्य मंत्रिमंडळाने मे २०२५मध्ये घेतलेला निर्णय मनापासून स्वागतार्ह आहे. मुद्रांक शुल्क आधीच अवघे १०० रुपये होते, पण नोंदणीला एक टक्का, कमाल ३० हजार रुपये फी पडे. त्यामुळे भाऊ-भाऊ तोंडी वाटणी करून मोकळे होत आणि सातबारा सामाईकच राही.

आमच्या घरी १९८४ साली अशीच तोंडी वाटणी झाली. मधल्या बांधावर दोन दगड रोवले. विहीर चुलत्यांच्या हिश्शात गेली; आठवड्यातले तीन दिवस पाण्याची पाळी आमची, एवढेच ठरले. दोघे थोरले हयात होते तोवर कुणी शब्द मोडला नाही. पुढे चुलत्यांचा हिस्सा विकला गेला. नव्या मालकाने पाळीचा कागद मागितला, तो आमच्याकडे नव्हता. आज तिथे दावा चालू आहे आणि उभा ऊस वाळतो आहे.

म्हणून फीमाफीवर थांबू नये. वाटणीपत्राच्या नमुन्यातच विहिरीतला हिस्सा, पाण्याची पाळी, शेतात जायची वाट आणि पोटहिश्शाचा मोजणी नकाशा यांसाठी सक्तीचे रकाने ठेवावेत. बहिणींनाही २००५पासून वडिलोपार्जित जमिनीत समान हक्क आहे. त्यांच्या सह्या वाटणीच्या वेळीच व्हाव्यात, विक्रीच्या आदल्या दिवशी नव्हे.

– एक शेतकरी, बार्शी (जि. सोलापूर)