सप्ताह पडद्यावर पाहून भागत नाही

महोदय,

कीर्तनांच्या थेट प्रक्षेपणामुळे पुण्या-मुंबईस गेलेली मंडळी गावाच्या सप्ताहाशी जोडलेली राहतात, असे प्रतिपादन करणारा आपल्या दैनिकातील लेख वाचला. त्यामागचा हेतू मान्य असला तरी निष्कर्ष पटत नाही. प्रक्षेपणाने कीर्तनकारांचा आवाज पोहोचतो, परंतु रोज ऐकणारा आज का आला नाही, हे विचारणारे तिथे कोणी नसते. अखंड हरिनाम सप्ताहात वीणा सात दिवस खाली ठेवली जात नाही. ती आळीपाळीने गळ्यात घेऊन उभे राहायच्या पहाऱ्यांची नावे आधीच लागलेली असतात, आणि रात्री दोनच्या पहाऱ्याला एखादा आला नाही, तर आधीचा विणेकरी गळ्यातील वीणा न उतरवता कोणाला तरी त्याच्या घरी पाठवतो. आजारपण, दुबार पेरणीचा घोर, भावाभावांतला अबोला या गोष्टी आमच्याकडे अशाच कळतात. ज्ञानेश्वरीचा नववा अध्याय श्रोत्यांकडे अवधान मागूनच सुरू होतो. आपण मात्र (यात तरुणच नव्हे, पहिल्या रांगेतील फेटेवालेही आले) कीर्तन रंगात असताना मोबाइल उंच धरून बसतो. प्रक्षेपण बंद करावे, असे माझे म्हणणे नाही. सप्ताह समित्यांनी एकच कॅमेरा ठेवून इतरांना दोन तास मोबाइल खिशात ठेवण्यास सांगावे आणि बाहेरगावच्या मंडळींनाही निदान एका रात्रीचा पहारा नावानिशी लावून द्यावा.

– एक वाचक, गंगाखेड, जि. परभणी